दिसणं आणि वाचणं

मराठीत 'वाचणं' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. कॅन्सरच्या तपासण्यांवर, म्हणजे एक्स-रे, सीटी, एमआरआय, पेट यांच्यावर लिहिलेली पुस्तकं वाचताना हे दोन्ही अर्थ सारखे एकमेकांच्या पायात येतात. रेडिओलॉजिस्ट फिल्म वाचतो. रुग्ण वाचतो, किंवा वाचत नाही. एका वाचण्यापासून दुसऱ्या वाचण्यापर्यंतचा रस्ता लांब, कंटाळवाणा आणि पैसे खाणारा आहे. गंमत अशी, की या विषयावरचं लोकप्रिय लेखन या दोन्हींबद्दल फारसं बोलत नाही. ते तिसऱ्याच क्रियापदावर चालतं: दिसणं. आधी दिसत नव्हतं, मग यंत्र आलं, आता दिसतं, 'म्हणून' माणसं वाचतात. या 'म्हणून'ची तपासणी करावी असं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात या विषयावरच्या सर्वात गाजलेल्या पुस्तकापासूनच करू. सिद्धार्थ मुखर्जी यांचं 'द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज' २०१० साली आलं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं, आणि आज कॅन्सरबद्दल काही वाचलेल्या माणसानं बहुधा हेच वाचलेलं असतं. उपशीर्षकात त्यांनी पुस्तकाला कॅन्सरचं चरित्र म्हटलं आहे आणि चरित्राची शिस्त त्यांनी पाळली आहे. म्हणजे पात्रं आहेत, वैर आहे, पराभव आहेत, सिडनी फार्बर आणि मेरी लास्कर यांच्यासारखी झपाटलेली माणसं आहेत. प्रतिबंधाबद्दलच्या भागात मॅमोग्राफीची गोष्ट येते. बर्लिनचे सर्जन आल्बर्ट सॉलोमन १९१३मध्ये शस्त्रक्रियेनं काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांचे एक्स-रे काढतात आणि गाठीच्या कडा, कॅल्शियमचे बारीक ठिपके त्यांना फिल्मवर दिसतात. काम विसरलं जातं. पुढे १९६०च्या आसपास ह्यूस्टनचे रॉबर्ट ईगन एक्स-रेची शक्ती आणि फिल्मचा प्रकार बदलून स्पष्ट चित्रं मिळवतात. मग न्यूयॉर्कमध्ये शपीरो, वेनेट आणि स्ट्रॅक्स हे तिघं एका आरोग्यविमा योजनेतल्या ६२ हजारांच्या आसपास स्त्रियांवर १९६३च्या डिसेंबरात मोठी चाचणी सुरू करतात: निम्म्यांना तपासणीचं बोलावणं, निम्म्यांना नेहमीसारखी सेवा. दहा वर्षांनंतर बोलावलेल्या गटात स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू तीसेक टक्क्यांनी कमी भरतात.

मुखर्जी हे प्रामाणिक लेखक आहेत. 'लवकर दिसलं म्हणून जास्त जगला' हा भ्रम कसा तयार होतो ते त्यांनी दोन जुळ्या बहिणींचं उदाहरण रचून समजावलं आहे, आणि माझ्या मते पुस्तकातल्या सर्वात स्वच्छ पानांपैकी ती पानं आहेत. दोघींना एकाच वेळी, एकसारखाच कॅन्सर होतो. एकीला तपासणीत तो आधी कळतो, दुसरीला गाठ हाताला लागल्यावर. दोघी मरतात मात्र एकाच सुमाराला. पहिली 'निदानानंतर' जास्त वर्षं जगली असं आकडा सांगतो, पण तिला जास्त मिळालं ते आयुष्य नव्हे, आजारी असल्याची जाणीव. रुग्णालयांच्या जाहिरातींमध्ये 'पाच वर्षं जगण्याचं प्रमाण' हा आकडा ज्या ऐटीत येतो ते पाहता ही दोन पानं शाळेत लावावीत इतकी मोलाची आहेत.

माझी तक्रार घाटाबद्दल आहे. चरित्राला नायक लागतो, आणि मॅमोग्राफीच्या प्रकरणात नायकाच्या जागी कधी सॉलोमन येतात, कधी ईगन, शेवटी आकडेवारी. ज्या माणसासमोर ती फिल्म ठेवली जाते, जो ती वाचून दोन ओळी लिहितो आणि ज्याच्या त्या दोन ओळींवर एखादीच्या छातीत सुई जाणार की नाही हे ठरतं, तो माणूस या गोष्टीत जवळपास नाहीच. फिल्म जणू स्वतःच बोलते. ईगनचं तंत्र इतरांना जमतं का, हा खरा प्रश्न होता. ईगनना ते जमतं हे १९६०च्या सुमाराला त्यांच्या पहिल्या हजार रुग्णांच्या अनुभवातून दिसलंच होतं. म्हणून साठच्या दशकात इतर रुग्णालयांतल्या रेडिओलॉजिस्टांना त्यांची पद्धत शिकवून, त्यांना तीच गोष्ट पुन्हा साधते का हे पाहण्याचा वेगळा अभ्यास झाला. एका हुशार माणसाचा हात ते कुणाचाही हात, हे अंतर त्या अभ्यासात मोजलं गेलं. कादंबरीकाराला त्यात काहीच सापडणार नाही. मला मात्र खरी गोष्ट तिथेच सुरू होते असं वाटतं.

सॉलोमन यांच्याबद्दल थोडं विषयांतर. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांचं विद्यापीठातलं काम गेलं, १९३८च्या नोव्हेंबरानंतर काही काळ ते छळछावणीत होते, नंतर पत्नीसह ॲमस्टरडॅमला निसटले आणि लपून राहून युद्धातून वाचले. त्यांची मुलगी म्हणजे चित्रकार शार्लट सॉलोमन. दक्षिण फ्रान्समध्ये आश्रयाला असताना तिनं सातशेहून जास्त चित्रांची, मजकूर आणि सूचक संगीतासह गुंफलेली 'जीवन? की नाटक?' ही मालिका केली. १९४३च्या ऑक्टोबरात ती ऑशविट्झमध्ये मारली गेली. मालिकेत वडील 'डॉक्टर कान' या नावानं येतात. वडिलांनी शरीराच्या आत पाहिलं, मुलीनं घराच्या आत, असं एक सोपं वाक्य इथे लिहिता येईल आणि ते टाळलेलं बरं. सांगायचं ते इतकंच, की सॉलोमन यांचं काम का विसरलं गेलं याचं एकच कारण नाझी नव्हते. १९१३ ते १९३३ ही वीस वर्षंही मध्ये होती. त्यांचे सगळे एक्स-रे काढून टाकलेल्या स्तनांचे होते. ज्या बाईच्या शरीरातून स्तन आधीच गेला आहे तिला त्या चित्राचा उपयोग काय? संशोधनात सुंदर आणि दवाखान्यात निरुपयोगी, अशी अवस्था असू शकते हे सॉलोमन यांच्या तीन हजार फिल्म दाखवतात. शोकांतिकेनं तो मुद्दा झाकला जातो.

आता वाचणाऱ्याकडे वळू. त्यासाठी कॅन्सरपासून क्षणभर क्षयाकडे जावं लागेल, कारण हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला गेला तो क्षयाच्या फिल्मांवर. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सैनिकांची क्षयासाठी सामूहिक तपासणी करायची होती आणि चार प्रकारच्या फिल्मांपैकी कोणती चांगली हे ठरवायचं होतं. प्रश्न यंत्राचा होता. १९४७मध्ये निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा असं दिसलं, की चार फिल्मांमधल्या फरकापेक्षा त्या वाचणाऱ्या पाच तज्ज्ञांमधला फरक मोठा होता. शिवाय तीच फिल्म त्याच तज्ज्ञासमोर काही काळानं पुन्हा ठेवली तर तो स्वतःशीही अनेकदा सहमत होत नव्हता. दोनेक वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोचे रेडिओलॉजिस्ट हेन्री गारलँड यांनी हे आणखी पुढे नेलं: छातीच्या दोष असलेल्या फिल्मांपैकी सुमारे तीस टक्के अनुभवी वाचकांच्या नजरेतून निसटतात. साहित्याचे विद्यार्थी हे वाचून हसतील. एका कवितेचे पाच अर्थ, आणि त्याच समीक्षकाचा दहा वर्षांनी सहावा, हे आपल्याकडे वैभवाचं लक्षण मानलं जातं.

या अडचणीवर जो उपाय निघाला तो मला विसाव्या शतकातल्या उपेक्षित ग्रंथांपैकी एक वाटतो. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीनं १९९३मध्ये 'बाय-रॅड्स' नावाची पुस्तिका काढली. त्याआधी मॅमोग्राफीचे रिपोर्ट म्हणजे ज्याची त्याची शैली. एकाला जे 'संशयास्पद' तेच दुसऱ्याला 'लक्ष ठेवण्याजोगं', तिसरा 'नाकारता येत नाही' असं लिहून अंग काढून घेणार. बाय-रॅड्सनं दोन गोष्टी केल्या. पहिली, शब्दकोश दिला: गाठीचा आकार कोणत्या शब्दांत सांगायचा, कडा कोणत्या शब्दांत सांगायच्या. दुसरी, शेवटी एक आकडा लिहिणं भाग पाडलं आणि प्रत्येक आकड्याला एक कृती बांधली. शून्य म्हणजे तपासणी अपुरी, आणखी चित्रं काढा. एक आणि दोन म्हणजे घरी जा. तीन म्हणजे बहुधा साधं, कॅन्सर असण्याची शक्यता दोन टक्क्यांहून जास्त नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. चार म्हणजे संशय, तुकडा काढून तपासा. पाच म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता पंचाण्णव टक्के किंवा जास्त.

वरवर पाहता ही कारकुनी आहे. पण नीट पाहा: इथे विशेषणांवर निर्बंध आले. पुढच्या आवृत्त्यांमध्ये काही शब्द गळलेही. २०१३च्या पाचव्या आवृत्तीत गाठीच्या आकारासाठी गोल, लांबगोल आणि अनियमित एवढे तीनच उरले, आधीचा 'पाळीदार' गेला. वाचक ज्यावर एकमत होऊ शकत नाहीत तो शब्द ठेवून उपयोग काय, ही कसोटी आपल्या समीक्षेला लावली तर अर्धी परिभाषा रद्द होईल. आणि महत्त्वाचं म्हणजे, शब्द सारखे झाल्यावर कुणाचा 'तीन' कितीदा चुकीचा ठरतो हे मोजता येऊ लागलं. संशोधन दवाखान्यात आलं ते इथे. यंत्राच्या नव्या मॉडेलबरोबर नव्हे, एका कंटाळवाण्या पुस्तिकेबरोबर.

बेटियन केव्हल्स यांचं 'नेकेड टू द बोन' हे १९९७चं पुस्तक या बाबतीत मुखर्जींपेक्षा जवळ येतं, कारण त्यांना संस्कृतीच्या अंगानं या यंत्रांकडे पाहायचं आहे. एक्स-रेपासून एमआरआय, पेटपर्यंतचा इतिहास सांगताना त्या चित्रकार, कोर्टकचेऱ्या, बाजार सगळं आत घेतात. त्यांच्यामुळे कळतं, की चित्रानं भारावणं हे या क्षेत्राचं जन्मखूण आहे. राँटगेन यांनी १८९५च्या डिसेंबरात पत्नीच्या हाताची हाडं टिपली आणि काही आठवड्यांत जगभर लोक स्वतःच्या हाडांचे फोटो काढून घेऊ लागले. टोमास मानच्या 'द मॅजिक माउंटन'मधला हान्स कास्टोर्प तर प्रेयसीच्या छातीचा एक्स-रे आठवण म्हणून जवळ बाळगतो. प्रेमपत्र म्हणून फुप्फुसाचं चित्र! कॅन्सरच्या बातम्यांमधल्या रंगीत पेट स्कॅनकडे पाहताना मला कास्टोर्प आठवतो. ते लाल-पिवळे डाग फार बोलके वाटतात. पण ते रंग शरीरात नसतात, ते संगणकानं आकड्यांना दिलेले असतात, आणि ते आकडे कसे येतात हे पाहिलं तर धुंदी उतरते.

पेटमध्ये रुग्णाला किरणोत्सारी ग्लुकोजसारखा पदार्थ टोचतात आणि गाठ तो किती शोषते हे एका आकड्यात सांगतात. उपचारानंतर आकडा उतरला तर गाठ दबली असं समजतात. आकडा काढायला रुग्णाचं वजन लागतं, टोचलेलं प्रमाण लागतं, टोचल्याची वेळ लागते. या पदार्थातल्या फ्लोरिनचं अर्धायुष्य ११० मिनिटं. डोस मोजणाऱ्या यंत्राचं घड्याळ आणि स्कॅनरचं घड्याळ यांत दहा मिनिटांचा फरक असेल तर आकड्यात सहा टक्क्यांची चूक शिरते. रुग्णाची साखर वाढलेली असेल तर वेगळी चूक. एका रुग्णालयात टोचल्यावर तासाभरानं चित्र घेतलं आणि दुसऱ्यात दीड तासानं, तर दोन आकड्यांची तुलनाच करायला नको. म्हणून युरोपात २०१०पासून स्कॅनरांना प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था उभी राहिली: सगळ्यांनी ठरावीक नमुना स्कॅन करून दाखवायचा आणि आकडे ठरलेल्या मर्यादेत आणायचे. घड्याळं जुळवण्यावर कोण कादंबरी लिहील? पण ज्याची गाठ 'कमी झाली' की 'आहे तशीच' यावर औषध चालू राहणार की थांबणार हे ठरतं, त्याच्यासाठी ती दहा मिनिटं फार मोठी आहेत.

या सगळ्या मधल्या प्रदेशाचा नकाशा २०१७मध्ये 'नेचर रिव्ह्यूज क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'मध्ये आला. ब्रिटन आणि युरोपातल्या कॅन्सर संशोधन संस्थांच्या पुढाकारानं अनेक तज्ज्ञांनी एकमतानं लिहिलेला हा लेख आहे. चित्रातून काढलेली मोजमापं संशोधनातून रुग्णसेवेत कशी आणावीत यासाठी त्यात १४ शिफारशी आहेत. लेख म्हणतो, मध्ये दोन दऱ्या आहेत. पहिली ओलांडली की ते मोजमाप संशोधकांच्या चाचण्यांत भरवशाचं हत्यार होतं. दुसरी ओलांडली की डॉक्टर त्यावर निर्णय घेऊ शकतात. आणि या दऱ्या ओलांडायला एकामागून एक पायऱ्या पुरत नाहीत. मोजमाप तांत्रिकदृष्ट्या पक्कं आहे का, रोगाशी त्याचा खरा संबंध आहे का आणि ते परवडतं का, हे तिन्ही प्रश्न सुरुवातीपासून बरोबरीनं विचारायला हवेत. हा तिसरा प्रश्न आधी विचारा, असं म्हणणं मला फार धाडसाचं वाटतं. सहसा पैशांचा विषय शेवटी, शोध लागून टाळ्या वाजून झाल्यावर निघतो.

लेखाचं गद्य मात्र रुक्ष आहे आणि त्याची रूपकं फसवी. 'रस्त्याचा नकाशा', 'दरी', 'ओलांडणं' या शब्दांमुळे असं वाटतं, की पलीकडे पोहोचणं हेच उद्दिष्ट आणि न पोहोचणं म्हणजे अपघात. काही गोष्टींनी मात्र अलीकडेच राहायला हवं होतं. दरी कधी कधी कुंपणाचं काम करते.

उदाहरण घ्यायचं तर मॅमोग्राफीत संगणकानं खुणा करून देण्याच्या तंत्राचं. अमेरिकेच्या एफडीएनं १९९८मध्ये त्याला मान्यता दिली. कल्पना मोहक होती: संगणक फिल्मवर संशयाच्या जागी खूण करेल, डॉक्टरच्या नजरेतून काही निसटणार नाही. गारलँड यांच्या तीस टक्क्यांवर इलाजच जणू. लवकरच मेडिकेअरनं या वापरासाठी जादा पैसे द्यायला सुरुवात केली आणि तंत्र झपाट्यानं पसरलं. दरी वगैरे काही आडवं आलं नाही. मग २००७मध्ये ४३ केंद्रांमधल्या दोन लाख बावीस हजारांवर स्त्रियांच्या तपासण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. संगणक आणल्यावर निरोगी स्त्रियांना निरोगी म्हणण्याचं प्रमाण ९०.२ टक्क्यांवरून ८७.२ टक्क्यांवर आलं, तुकडा काढण्याच्या शस्त्रक्रिया सुमारे वीस टक्क्यांनी वाढल्या, आणि कॅन्सर सापडण्याच्या प्रमाणात खात्रीनं वाढ म्हणावी असं काही दिसलं नाही. २०१५मध्ये त्याहून मोठ्या, सव्वासहा लाख मॅमोग्रामच्या अभ्यासानंही फायदा दिसत नाही असाच निर्वाळा दिला. तोवर अमेरिकेतल्या बहुतेक मॅमोग्रामवर हे तंत्र चालत होतं आणि वर्षाला कोट्यवधी डॉलर त्यावर जात होते.

ही गोष्ट कुठल्याही लोकप्रिय पुस्तकात मी गोष्ट म्हणून वाचलेली नाही. का, ते उघड आहे. इथे खलनायक नाही. यंत्र खोटं बोलत नव्हतं, खुणा बरोबर जागीही होत होत्या. पण वाचणारा बदलला. निरोगी फिल्मवरही खुणा दिसू लागल्या की सावध माणूस बाईला परत बोलावतो. यंत्राची परीक्षा घेताना त्याच्यासमोर बसलेल्या घाबरट, दमलेल्या, कोर्टाची भीती असलेल्या वाचकाची परीक्षा घ्यायची राहून गेली. 'एआय'च्या आजच्या बातम्यांमध्ये ही आठवण यायला हवी. स्वीडनमध्ये लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या 'मसाई' चाचणीचा पहिला निकाल २०२३मध्ये आला: एआयच्या मदतीनं कॅन्सर थोडे जास्त सापडले आणि डॉक्टरांचं वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी घटलं. बातम्यांचे मथळे तिथेच थांबले. चाचणी आखणाऱ्यांचा मुख्य प्रश्न मात्र तो नव्हताच. 'सगळं ठीक' म्हणून घरी गेलेल्या किती स्त्रियांना पुढच्या तपासणीआधीच कॅन्सर उघडकीला येतो, हे त्यांना पाहायचं होतं, आणि त्यासाठी दोन वर्षं थांबणं भाग होतं. नंतरच्या निकालात ते प्रमाण वाढलेलं नव्हतं, किंचित कमीच होतं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या घाईशी तुलना केली तर मला यात यंत्रापेक्षा प्रश्न विचारण्याची सुधारलेली रीत जास्त आश्वासक वाटते.

कुंपण नसलं तर काय होतं याचं ठसठशीत उदाहरण दक्षिण कोरिया. तिथे १९९९मध्ये कॅन्सर तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइड त्यात नव्हता, पण रुग्णालयं थोडे पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफी जोडीला देऊ लागली. १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कॅन्सरचं निदान होण्याचं प्रमाण पंधरापट झालं. मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. म्हणजे हजारो लोकांच्या गळ्यात असं काहीतरी सापडलं ज्यानं त्यांना कधीच मारलं नसतं, आणि बहुतेकांची ग्रंथी काढली गेली. जन्मभर गोळी, काहींचा आवाज गेला. या विषयावर सतत लिहिणारे गिल्बर्ट वेल्च यांचं 'ओव्हरडायग्नोज्ड' हे २०११चं पुस्तक साहित्यगुणांत मुखर्जींच्या पासंगालाही पुरणार नाही. एकच मुद्दा अवयव बदलून पुन्हा पुन्हा येतो, आणि आकडे वर्गात फळ्यावर मांडावेत तसे मांडलेले. पण त्यात 'म्हणून' या शब्दाला हात लावायची हिंमत आहे. एखाद्याला विनाकारण रुग्ण केलं गेलं तर तो आयुष्यभर 'मी वाचलो' असंच सांगत राहतो, आणि त्याच्या कृतज्ञतेमुळे तपासणीचा बोलबाला वाढतो, हे निरीक्षण ज्या लेखकाचं आहे त्याला शैलीचे गुण कमी पडले तरी चालतील. मला वेल्च यांचं एकच खटकतं: ते इतक्या आवेशानं नको म्हणतात, की हो कधी म्हणावं हे वाचकाला कळत नाही.

हो म्हणण्याजोगं घडतंही. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी पुरुषांच्या ग्रंथीत सोनोग्राफीच्या आधारानं, बरीचशी अंदाजानं, दहा-बारा सुया टोचण्याची रीत वर्षानुवर्षं होती. ब्रिटनच्या 'प्रॉमिस' चाचणीत ५७६ पुरुषांची एमआरआय झाली, ही नेहमीची बायोप्सी झाली आणि खरं-खोटं करण्यासाठी दर पाच मिलिमीटरवर सुई घालून केलेली सविस्तर बायोप्सीही झाली. २०१७च्या निकालात एमआरआयनं धोकादायक कॅन्सरपैकी ९३ टक्के पकडले, नेहमीच्या सुयांनी ४८ टक्के. शिवाय आधी एमआरआय केली तर चौथा हिस्सा पुरुषांची सुईतून सुटका होऊ शकते. दोन वर्षांत ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. इथे यंत्रानं जास्त पाहिलं आणि कमी केलं. त्या पुरुषांनी मात्र तीन-तीन तपासण्या सोसल्या म्हणूनच ते कळलं.

आता मुंबई. इथे प्रश्न उलट्या टोकानं विचारला गेला. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त स्त्रियांवर चाचणी सुरू केली, तेव्हा मॅमोग्राफी हा पर्यायच नव्हता. यंत्रं नाहीत, वाचणारे नाहीत, शिवाय आपल्याकडे हा कॅन्सर तुलनेनं तरुण वयात होतो आणि त्या वयातल्या दाट स्तनात मॅमोग्रामला कमी दिसतं. म्हणून प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासायचं. जोडीला गर्भाशयमुखाची व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. व्हिनेगरच्या तपासणीनं त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचं २०१४मध्ये प्रसिद्ध झालं. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना तपासणी का दिली नाही यावर कडाक्याचा वाद झाला, आणि तो वाद रास्त होता. स्तनाच्या तपासणीचा वीस वर्षांचा निकाल २०२१मध्ये आला: सगळ्या वयांत मिळून मृत्यूंतली घट १५ टक्के, पण ती योगायोगाचीही असू शकेल इतपतच. पन्नाशीवरच्या स्त्रियांत मात्र जवळपास तीस टक्के. न्यूयॉर्कच्या मॅमोग्राफी चाचणीचा आकडाही तीसच्या घरातला होता, हे लक्षात घ्या. दोन शहरं, दोन काळ, दोन वेगळ्या चाचण्या, त्यामुळे थेट तुलना करता येत नाही. शिवाय न्यूयॉर्कमध्येही फिल्मबरोबर हातानं तपासणी होतीच. तरीही मॅमोग्राफीच्या इतिहासाच्या कुठल्याही नव्या पुस्तकात या दोन चाचण्या शेजारी-शेजारी असायला हव्यात. दर दोन वर्षांनी वस्तीत जाऊन दार वाजवणाऱ्या बाईला चरित्रात काय जागा द्यायची, हा प्रश्न तेव्हा टाळता येणार नाही.

आणि भाषेचा प्रश्न उरतोच. अमेरिकेच्या १९९२च्या मॅमोग्राफी कायद्यात १९९८मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून प्रत्येक बाईला तिचा निकाल साध्या भाषेत लेखी कळवणं बंधनकारक आहे. आता तर स्तनाची घनता सांगणारी वाक्यंही शब्दशः ठरवून दिली आहेत. आपल्याकडे सोलापूर-नांदेडच्या बाईच्या हातात पडणारा रिपोर्ट बहुधा इंग्रजीत असतो. शेवटी 'बाय-रॅड्स तीन' आणि खाली 'क्लिनिकली कोरिलेट करा'. ती तो मुलाला दाखवते, मुलगा फोनवर शोधतो.

त्या तीनचं मराठी मी करून पाहिलं. 'ही गाठ बहुधा साधी आहे. शंभर बायकांमध्ये अशी गाठ दिसली तर जास्तीत जास्त दोघींना कॅन्सर निघतो. म्हणून आत्ता सुई घालत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा या, तेव्हा गाठ वाढली आहे का ते पाहू.' चार वाक्यं. अडलो ते 'बहुधा'पाशी. माझ्या आजीच्या बोलण्यात 'बहुधा' म्हणजे जवळजवळ नक्की, शहरातल्या तरुण मुलीच्या कानाला तो शंकेचा शब्द वाटतो. 'शक्यतो' चुकीचा, 'साधारणपणे' ढिला. शिवाय 'सहा महिन्यांनी या' हे वाक्य ऐकून जी बाई परत येणार नाही तिच्यासाठी तो रिपोर्ट तीन नसून एकच ठरतो. ती येते की नाही हे कोण पाहतं, यासाठी बाय-रॅड्समध्ये रकाना नाही.